नाक घडवायचं, तर कसं आणि कुणाकडून?

किन्हवलीसारख्या गावच्या दवाखान्यात नाकाची तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो: "डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय." रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागतो, एक नाकपुडी कायम चोंदलेली, सर्दी हटत नाही. दुसरी तक्रार इतक्या मोकळेपणी बाहेर येत नाही. मुलीसाठी स्थळं बघायला लागल्यावर आई हळूच विचारते, "हिचं नाक जरा बसकं आहे, काही होईल का हो?" किंवा शहापूरला कॉलेजात जाणारा मुलगा बाकीचे पेशंट गेल्यावर आत येतो आणि मोबाइलवरचा, एका बाजूनं काढलेला स्वतःचा फोटो पुढे करतो. एकाला श्वास हवा असतो, दुसऱ्याला रूप. दोघांनाही आपला प्रश्न वेगळा वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न एकाच सांगाड्याचे असतात.

"हाड वाढलंय" म्हणतात तेव्हा बहुतेकदा कुठलंच हाड वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो, नाहीतर आतल्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे सुजलेले असतात. हा पडदा मागे हाडाचा आणि पुढे कूर्चेचा, म्हणजे कानात असतं तशा लवचीक मऊ हाडाचा. आपलं जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर आणलं की नाकाची रचना चटकन कळते. वरची त्वचा म्हणजे कौलं, हाड आणि कूर्चा म्हणजे आढं आणि वासे, आतलं ओलसर अस्तर म्हणजे सारवलेली भिंत आणि मधला पडदा म्हणजे मेढ. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, खालचा सगळा कूर्चेचा. मेढ कलली तर आढं कलतं, म्हणून पडदा फार वाकडा असेल तर नाक बाहेरूनही वाकडं दिसतं. उलट, वरून सुबक करण्याच्या नादात वासे जास्त कापले तर दिसायला बारीक झालेलं नाक काही वर्षांनी आत खचतं आणि श्वास कोंडतो. नुसत्या रूपासाठी आलेल्या माणसालाही सर्जननं श्वासाबद्दल विचारलंच पाहिजे, ते यासाठी. जो विचारत नाही, त्याच्याकडून उठून यावं.

नाक नव्यानं घडवण्याच्या विद्येचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे. किन्हवलीहून सरळगावला उतरलं, पुढे माळशेज घाट चढून जुन्नर ओलांडलं की पुणं. त्या पुण्याजवळ १७९३ साली झालेल्या एका शस्त्रक्रियेनं युरोपातल्या सर्जनना नाक बांधायला शिकवलं.

टिपूविरुद्धची १७९२ची लढाई. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. तसाच तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला पेन्शन दिली, पण वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस वैद्य घराण्यातला नव्हता. नोंदीत त्याची जात विटा करणाऱ्यांची, म्हणजे कुंभाराची सांगितली आहे. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या माहितीवरून लिहिलेला वृत्तान्त ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. त्याच्यासोबत कावसजीचं चित्र होतं. ते जेम्स वेल्स या चित्रकारानं त्याच वर्षी जानेवारीत, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर काढलं होतं. पेशंटचं, पाहणाऱ्यांचं, चित्रकाराचं अशी सगळ्यांची नावं इतिहासात राहिली. ज्याच्या हातांनी हे केलं, त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानं केलं ते असं. मेणाची पातळ पट्टी घेऊन ती नाकाच्या थोट्यावर दाबून, वळवून आधी पूर्ण नाक तयार केलं. आकार मनासारखा झाल्यावर ते मेण सपाट केलं, कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. मेणाचं काम तिथंच संपलं. मग रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. थोट्याच्या कडा खरवडून ताज्या केल्या, नाकपुड्यांच्या बाजूनं वरच्या ओठापर्यंत खाच घेतली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवल्या. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस पेशंटनं उताणं झोपून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाच्या वाती. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापून नाक मोकळं.

यातली पंचविसाव्या दिवसाची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक बारीक रोहिणी कपाळावर चढते. ती पट्टी तोडली नाही तोवर खाली आणलेल्या कातडीला जुन्याच वाटेनं रक्त मिळत राहतं. मधल्या काळात नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. त्या पुरेशा झाल्या की जुनी वाट बंद करता येते. आज कॅन्सर, भाजणं किंवा अपघात यांमुळे नाक गेलेल्या माणसावर हीच कपाळाच्या कातडीची शस्त्रक्रिया होते, आणि आजचा प्लास्टिक सर्जनसुद्धा ती पट्टी साधारण तीन आठवड्यांनी तोडतो. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या माणसाला हा अवधी पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणातून कळला होता. त्याच्याही फार आधी सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वापरून नाक करण्याची रीत सांगितली आहे. तिथं माप घ्यायला झाडाचं पान आहे आणि श्वासासाठी आत ठेवायला एरंडाच्या नळ्या. पुण्याचा वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४मध्ये ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर केली, तीही भूल न देता, कारण भूल देण्याची विद्या तेव्हा यायची होती. १८१६मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून जगभर तिला भारतीय पद्धत म्हणतात.

त्या नाकात एक उणीव होती. कौलं होती, वासे नव्हते. आतून अस्तर आणि कूर्चेचा आधार नसला की नुसती कातडी काही काळानं आक्रसते. आज कानाची किंवा बरगडीची कूर्चा काढून तिचा सांगाडा आत बसवतात आणि अस्तरही करतात. पण सुरी हातात घेण्याआधी मेणात नाक करून पाहायचं, आकार पटल्याशिवाय रेघ मारायची नाही, हा क्रम मात्र जसाच्या तसा घ्यावा असा आहे. 'कोणती पद्धत चांगली' हा आजच्या पेशंटचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो दुसरा असायला हवा. नेमकं काय बिघडलंय आणि काय व्हायला हवंय हे आधी ठरलं, की पद्धत बहुधा आपोआप ठरते.

आज मुख्य पद्धती दोन. बंद पद्धतीत सगळे छेद नाकपुडीच्या आत असतात, बाहेर व्रण राहत नाही. दुसरी खुली. तिच्यात आतल्या छेदांबरोबर दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर, बाहेरून, काही मिलिमीटरचा एक छेद असतो. तो सरळ न घेता उलट्या व्ही अक्षरासारखा किंवा पायरीसारखा घेतात, म्हणजे व्रण लपतो. मग नाकाची त्वचा शेंड्याकडून वर उचलतात. कौलं उतरवून वासे उघड्यावर पाहण्यासारखंच हे काम. डाव्या-उजव्या कूर्चा शेजारी शेजारी दिसतात, कुठं किती फरक आहे ते डोळ्यांनी ताडता येतं आणि टाका नेमका घालता येतो. याची किंमत म्हणजे शेंड्याची सूज जास्त दिवस टिकते आणि शेंडा काही महिने बधिर राहतो. बंद पद्धतीत सूज लवकर उतरते, पण सर्जनला अरुंद जागेतून, बऱ्याचदा बोटांच्या अंदाजानं काम करावं लागतं.

नाकाच्या दांडीवरचा थोडासा उंचवटा कमी करायचा आहे, शेंडा ठीक आहे, तर बंद पद्धत पुरते. नाक मुळापासून वाकडं आहे, शेंडा पसरट आहे, कूर्चा घालायची आहे, आधीचं ऑपरेशन फसलेलं आहे किंवा दुभंगलेल्या ओठामुळे एक नाकपुडी चपटी झाली आहे, तिथं बहुतेक सर्जन खुली पद्धत घेतात. व्रणाच्या धास्तीनं खुल्या पद्धतीला नकार देणारे बरेच भेटतात. नीट शिवलेला तो व्रण काही महिन्यांत समोरच्या माणसाला शोधूनही सापडत नाही. वाकडं राहिलेलं नाक मात्र रोज आरशात दिसतं. अलीकडे उंचवटा वरून तासण्याऐवजी खालून थोडी कूर्चा आणि हाड काढून नाकाची सबंध दांडी खाली बसवण्याची पद्धत पुन्हा पुढे आली आहे. हाड कापायला छिन्नीऐवजी ध्वनिलहरींवर चालणारं यंत्रही वापरतात. या नव्या गोष्टी चांगल्या आहेत, पण जाहिरातीत यंत्राचं नाव मोठं आणि सर्जनचं लहान असेल तर सावध व्हावं.

आपल्याकडची त्वचा सहसा जाड असते, हेही लक्षात ठेवायला हवं. जाड त्वचेखाली केलेलं बारीक काम उठून दिसत नाही आणि सूज फार हळू उतरते. नाकावरची पट्टी साधारण आठवड्यानं निघते, डोळ्यांखालचं काळंनिळं दहा-पंधरा दिवसांत जातं, पण अंतिम आकार दिसायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. हाड कापलं असेल तर काही आठवडे चष्मा नाकाच्या दांडीवर टेकवायचा नाही. लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून ऑपरेशन उरकून घेणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. वयाचंही तसंच. चेहऱ्याची वाढ पुरी झाल्याशिवाय रूपासाठी नाकाला हात लावत नाहीत. मुलींमध्ये ती साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत, मुलांमध्ये आणखी एक-दोन वर्षांनी पुरी होते.

आता सर्जन. इथं दोन वाटा आहेत. एक, एमएस झाल्यावर पुढे एमसीएच किंवा त्याच तोडीचं शिक्षण घेतलेला प्लास्टिक सर्जन. दुसरा, एमएस झालेला नाक-कान-घसा तज्ज्ञ. पडद्याचं काम दुसऱ्याचं रोजचं आहे. कातडी फिरवणं, भाजलेलं नाक बांधणं ही पहिल्याची हातोटी. बाहेरून नाक सुधारण्याचं काम दोघंही करतात, पण त्यांच्यातला प्रत्येक जण करतोच असं नाही. म्हणून पाटीवरच्या पदवीच्या पुढे जाऊन विचारायचं: "डॉक्टर, असं नाक तुम्ही किती वेळा केलंय? वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल?" फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असे हवेत. समोरून सरळ दिसणारं नाक खालून पाहिलं की नाकपुड्यांतला फरक लगेच कळतो. ऑपरेशनच्या टेबलावर काढलेल्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही. सर्जनचा नोंदणी क्रमांक त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे की नाही, हे मोबाइलवर पाहता येतं.

भूल कोण देणार, रात्री रक्त वाहायला लागलं तर फोन कुणाला करायचा, मनासारखं झालं नाही तर पुढे काय, हेही तोंडानं विचारावं. नाकाच्या शस्त्रक्रियेत शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा दुरुस्ती लागते, आणि ती वर्षभर थांबूनच करतात. हे स्वतःहून सांगणारा सर्जन भरवशाचा. संगणकावर हुबेहूब नटीचं नाक काढून दाखवणारा आणि "शंभर टक्के असंच होईल" म्हणणारा भरवशाचा नाही. कधी कधी चांगला सर्जन नकार देतो. इतरांना जाणवतही नाही असा दोष कुणी दिवसभर आरशात शोधत असेल, तर त्याला सुरीपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाची मदत हवी असते. तसा सल्ला मिळाला तर तो अपमान समजू नये.

ब्युटी पार्लरमध्ये इंजेक्शननं "पाच मिनिटांत नाक उंच" करून देण्याचं आमिष आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आहे. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. भरलेलं द्रव्य चुकून रोहिणीत गेलं तर नाकाची त्वचा काळी पडून गळू शकते, दृष्टीही जाऊ शकते. तज्ज्ञ डॉक्टरच्या हातूनही हा धोका पूर्ण टळत नाही. पार्लरमध्ये तर त्याच्यावर तोडच नसते.

तंबाखूबद्दल सांगितल्याशिवाय शहापूर-मुरबाडच्या माणसासाठी हे लिखाण पुरं होणार नाही. गुटखा, विडी आणि बायकांची मिश्री, या सगळ्यांतून निकोटिन अंगात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कावसजीच्या भुवयांमधल्या पट्टीतून जे रक्त खाली येत होतं, नेमकं तेच अडतं, उचललेली त्वचा मरते, जखम उकलते. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून आणि नंतरही हे सगळं बंद लागतं. "मिश्री म्हणजे काही तंबाखू नव्हे" असं समजून बाई डॉक्टरला सांगत नाही. तिला शेजारी बसवून, मायेनं, पण स्पष्ट विचारायला हवं.

खर्चाचं म्हणाल तर निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतर नाक बांधणं वेगळं धरलं जातं, तेव्हा कागदपत्रांत कारण नीट लिहून घ्यावं. आसनगावहून लोकल धरली की शीवचं लोकमान्य टिळक, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. ही रुग्णालयं एकाच मार्गावर लागतात. तिथं नाक-कान-घसा आणि प्लास्टिक सर्जरी असे दोन्ही विभाग आहेत. रांग लांब असते, नंबर लागायला वेळ जातो, पण पाहणारे हात अनुभवी असतात. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या मुलासाठी तर पैशाची अडचणच येऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतली मुलं तपासली जातात, आणि स्माइल ट्रेन ही संस्था आपल्याशी जोडलेल्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत करवते. ओठ तान्हेपणीच शिवतात. नाकपुडीची पक्की दुरुस्ती मात्र बऱ्याचदा वाढ पुरी झाल्यावर होते, तोवर तपासणी सोडायची नाही.

आणि ज्याचं नाक जन्मतः ठीक आहे, त्याच्याही बाबतीत एक गोष्ट गावातल्या प्रत्येक कबड्डी संघाला माहीत हवी. चढाईत कोपर लागलं, नाक सुजलं, रक्त थांबलं, की पोरं म्हणतात, झालं, काही नाही. हाड सरकलं असेल तर ते सूज पुरती चढण्याआधी काही तासांत, नाहीतर पाच-सात दिवसांनी सूज उतरल्यावर बसवता येतं. मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत, मुलात त्याहून लवकर. तो काळ गेला की हाड वाकडंच सांधतं आणि मग ते मोडून पुन्हा बसवावं लागतं. याहून तातडीची एक खूण आहे: मार लागल्यावर काही तासांत दोन्ही नाकपुड्या बंद होणं, आणि आत पाहिलं तर मधल्या पडद्यावर लालसर-जांभळी, मऊ फुगवटी दिसणं. पडद्याच्या कूर्चेवर रक्त साकळलेलं असतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती वरच्या आवरणातून पोसली जाते. मधे रक्त साचलं की तीन-चार दिवसांत ती मरते, दांडी खचते आणि लहान मुलाच्या नाकाची पुढची वाढही खुंटते. हे रक्त काढून टाकायला नाक-कान-घसा तज्ज्ञाला काही मिनिटं पुरतात. अशा मुलाला हळदीचा लेप लावून घरी झोपवू नका, त्याच संध्याकाळी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.